‘झेव्हेन प्रोव्हिन्सिएन’ : वलंदेज सरकारच्या एका आगबोटीची हकीकत

मराठी कागदपत्रांत ‘वलंदेज’ म्हणून ज्यांचा उल्लेख येतो त्या डच लोकांची ओळख आमच्या वाचकांस बहुधा वेंगुर्ल्याच्या वखारीपुरती असते. इ. स. १६३७ मध्यें त्यांनीं ती वखार घातली. पुढें कोंकणपट्टीवर त्यांचें महत्त्व उरलें नाहीं. परंतु पूर्वेकडे जावा, सुमात्रा, सेलेबीज वगैरे बेटांत त्यांचा पाय खोल रोवला गेला, आणि १९४२ सालीं जपानी फौजांनीं तो उखडला. हें राज्य बेटांचें असल्यामुळें त्याचा सारा कारभार पाण्यावरून चाले. दीपगृहांची देखभाल, चोरट्या अफूचा पाठलाग, कलेक्टर-कमिशनरांची ने-आण, खडकांची मोजणी हीं कामें सरकारच्या मुलकी आगबोटी करीत. आणि कोणीं मान वर काढल्यास ती दाबण्याचें काम आरमाराच्या लढाऊ आगबोटींकडे असे. या दुसऱ्या वर्गांतील एका जहाजाची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. बाहेरच्या शत्रूसाठीं म्हणून बांधलेल्या या जहाजावर प्रथम जो प्राणघातक बाँब पडला तो त्याच्या स्वतःच्या सरकारनें टाकलेला होता, एवढ्या एका गोष्टीवरूनहि तें विचारांत घेण्यासारखें आहे.

जहाजाचें नांव ‘डे झेव्हेन प्रोव्हिन्सिएन’, म्हणजे ‘सात प्रांत’. स्पेनच्या राजाविरुद्ध उठून जे सात प्रांत सोळाव्या शतकांत एकवटले, आणि ज्यांतून वलंदेजांचें प्रजासत्ताक निर्माण झालें, त्यांचें हें स्मारक होय. याच नांवाचें एक शिडाचें जहाज पूर्वीं सुप्रसिद्ध दर्यासारंग डे रोयटर याचें निशाणाचें जहाज होतें. शिवछत्रपति आग्र्याहून निसटले त्याच १६६६ सालीं इंग्रजांशीं झालेल्या चार दिवसांच्या लढाईंत डे रोयटर याच जहाजावरून लढला. सारांश, नांव मोठ्या अभिमानाचें होतें आणि त्या अभिमानाच्या मुळाशीं एक बंडच होतें. ही गोष्ट पुढील हकीकत वाचतांना ध्यानांत ठेवावी.

आपलें जहाज आम्स्टरडॅमच्या सरकारी गोदींत १९०८ सालीं बांधावयास घेतलें, १९०९ च्या मार्चांत पाण्यांत सोडलें आणि १९१० च्या आक्टोबरांत आरमारांत दाखल झालें. लांबी सुमारें १०१ मीटर, रुंदी १७ मीटर, वजन साडेसहा हजार टन, वेग ताशीं १६ सागरी मैल. पुढें एक व मागें एक अशा २८ सेंटिमीटर तोंडाच्या दोन मोठ्या तोफा, शिवाय १५ सेंटिमीटरच्या चार आणि लहान तोफा अनेक. इंजिनें वाफेचीं, इंधन कोळसा. किनाऱ्याचें रक्षण करणारें चिलखती जहाज असा त्याचा वर्ग होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तें पूर्वेकडे निघालें. तथापि ज्या काळीं त्याची बांधणी झाली तो काळच असा होता कीं, मोठमोठ्या राष्ट्रांचीं नवीं जहाजें पाण्यांत उतरतांच मागचीं सारीं जुनीं ठरत. १९३३ सालीं तेवीस वर्षांचें झालेलें हें जहाज मुख्यतः तोफखान्याच्या शिक्षणासाठीं वापरीत असत. खऱ्या आरमारी लढाईस तें निकामी झालें होतें असें म्हणण्यास हरकत नाहीं. मधल्या वर्षांतील त्याच्या फेऱ्यांचा तपशील येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. बंदरोबंदरीं निशाण दाखवीत हिंडणें आणि तोफांचा सराव करणें यापलीकडे त्यांत फारसें कांहीं नाहीं.

आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं. १९३३ च्या फेब्रुवारींत या जहाजावर जें घडलें त्यास वलंदेज ग्रंथकार ‘बंड’ म्हणतात. त्या वेळचे तेथील सनातनी पक्ष ‘साम्यवादी कारस्थान’ म्हणत. आणि स्वतंत्र इंडोनेशियांत तें राष्ट्रीय लढ्याचें एक पर्व म्हणून सांगितलें जातें. १८५७ च्या प्रकरणास ‘शिपायांचें बंड’ म्हणावें कीं ‘स्वातंत्र्यसमर’ म्हणावें, हा वाद ज्यांनीं ऐकला आहे त्या आमच्या वाचकांस या नांवांच्या भांडणाचें नवल वाटणार नाहीं. नांव कोणतें द्यावें हें ठरविण्यापूर्वीं तारखा लावून पाहणें हा इतिहासाचा साधा मार्ग आहे, आणि आम्ही तोच धरतों.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीनें जावाचा साखरेचा व्यापार बसला. इंग्लंडनें १९३१ सालीं आपल्या नाण्याचें सोन्याशीं असलेलें नातें तोडलें. हॉलंडनें मात्र तें १९३६ पर्यंत सोडलें नाहीं, त्यामुळें वलंदेजी माल परक्यांस महाग पडूं लागला आणि सरकारची मिळकत आटली. गव्हर्नर-जनरल डे योंग यानें खर्चाला कात्री लावली. नोकरांच्या पगारांत टप्प्याटप्प्यानें कपात होत गेली आणि १९३३ च्या आरंभीं देशी खलाशांपुरती ती एकंदर सतरा टक्क्यांवर आली. येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावयाची ती ही कीं, आरमारांत गोऱ्या खलाशाचा पगार आणि देशी खलाशाचा पगार यांत मुळांतच मोठें अंतर होतें. ज्याच्या पानांत चार पदार्थ आहेत त्याचा एक काढला तर तो कुरकुरतो. ज्याच्या पानांत भातच आहे त्याच्या भाताला हात घातला तर तो उठून उभा राहतो. सुराबाया हें आरमाराचें मुख्य ठाणें. तेथें प्रथम उठले ते गोरे खलाशीच. ३० जानेवारीस त्यांच्यापैकीं कांहींनीं हुकूम मानण्यास नकार दिला. ३ फेब्रुवारीस देशी खलाशांनीं तोच मार्ग धरला, आणि त्यांच्यापैकीं चारशेंहून अधिक लोकांना अटक झाली.

त्या वेळीं ‘झेव्हेन प्रोव्हिन्सिएन’ सुराबायापासून शेंकडों कोस दूर, सुमात्राच्या उत्तर टोंकाशीं अचीन प्रांतांतील ओलेले या बंदरांत नांगरून पडलें होतें. परंतु बिनतारी संदेशाला अंतर नसतें. सुराबायाची बातमी जहाजावर पोंचली ती तारायंत्राच्या खोलींतून, आणि तेथून ती खालच्या मजल्यांत पसरण्यास वेळ लागला नाहीं. अधिकाऱ्यांनीं आपल्या सोयीसाठीं बसविलेलें हें यंत्र खलाशांच्याहि उपयोगीं पडेल हा विचार तेव्हां कोणाच्या डोक्यांत आला नसावा.

४ फेब्रुवारीस शनिवार होता. जहाजाचा कप्तान आयकेनबोम आणि त्याचे बरेच अंमलदार किनाऱ्यावर मेजवानीस गेले होते. रात्रीं दहाच्या सुमारास खलाशांनीं शस्त्रागार हातीं घेतलें आणि जहाज ताब्यांत आणलें. पुढाऱ्यांत पराजा, रुमाम्बी, गोसाल, कावीलारंग हीं नांवें येतात. गोऱ्यांत बोशार्ट याचें. यांतील बहुतेक देशी नांवें उत्तर सेलेबीजमधील मिनाहासा भागांतलीं आहेत. हा भाग ख्रिस्ती झालेला, सैन्यांत आणि आरमारांत भरती होणारा, आणि वलंदेज सरकार ज्याच्या राजनिष्ठेविषयीं निःशंक असे असा. सरकारच्या गोटांत जो धक्का बसला त्याचें एक कारण हें होय. जहाजावर राहिलेले कांहीं अंमलदार मागल्या भागांत दारें लावून बसले, कांहींनीं पाण्यांत उड्या टाकल्या. परंतु खलाशांच्या हातून या सबंध प्रकरणांत एकहि माणूस मेला नाहीं. हें विधान आम्ही मुद्दाम ठळकपणें करतों, कारण पुढील निर्णय बराचसा यावर अवलंबून आहे.

मध्यरात्रीनंतर जहाजानें नांगर उचलला. दोर हांकणारे हात खलाशांचे होते हें खरें, पण अनोळखी पाण्यांतून, रात्रीं, बंदराबाहेर पडणें हें केवळ हातांचें काम नव्हे. जहाज हांकण्याचें काम कावीलारंग यानें पतकरलें. अंमलदारांवांचून जहाज एक कोसहि जाणार नाहीं अशी जी समजूत होती ती त्या रात्रींच खोटी ठरली. कप्तान किनाऱ्यावरून हात चोळीत राहिला नाहीं. ‘आल्देबारान’ नांवाची सरकारी मुलकी आगबोट घेऊन तो आपल्याच जहाजाच्या पाठलागास निघाला. तोफा मात्र पुढच्या जहाजावर होत्या, मागच्यावर नव्हत्या, त्यामुळें हा पाठलाग म्हणजे दुरून पाळत ठेवणें एवढाच राहिला.

बाहेर पडल्यावर खलाशांनीं आपलें म्हणणें बिनतारी संदेशानें जाहीर केलें. त्याचा आशय असा : जहाज आमच्या ताब्यांत आहे, आम्ही सुराबायास जात आहों, तेथें पोंचण्याच्या आदल्या दिवशीं तें आम्ही अंमलदारांच्या स्वाधीन करूं, आमचा विरोध अन्यायाच्या पगारकपातीला आणि आमच्या सोबत्यांच्या अटकेला आहे, जबरदस्ती करण्याचा आमचा हेतु नाहीं. या जाहीरनाम्यांत स्वातंत्र्याचा शब्द नाहीं, साम्यवादाचाहि नाहीं. आपल्या हातांत २८ सेंटिमीटरच्या तोफा असलेल्या माणसांनीं जहाज परत देण्याची तारीख आपण होऊन सांगावी, याला बंडांच्या इतिहासांत फारसे दाखले सांपडणार नाहींत.

सहा दिवस जहाज सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यानें खालीं येत राहिलें आणि त्याची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येत राहिली. सरकारला खरी टोंचणी याचीच होती. राज्य कांहीं हजार गोऱ्यांच्या दबदब्यावर चालतें, आणि तो दबदबा रोज थोडाथोडा बुडत बंदरोबंदरीं दिसतो आहे, हें चित्र कोणत्याहि वसाहतवाल्यास झोंप येऊं देणारें नव्हतें. हॉलंडांत कोलाइन या पुढाऱ्यानें तर गरज पडल्यास जहाज टॉर्पेडो मारून समुद्राच्या तळाशीं घालावें, असें मत उघड बोलून दाखविलें.

१० फेब्रुवारीस सकाळीं, सुमात्रा व जावा यांच्या मधल्या सुंदा सामुद्रधुनीजवळ, ‘यावा’ ही क्रूझर, ‘पीट हाइन’ आणि ‘एव्हर्टसेन’ या विनाशिका, पाणबुड्या आणि विमानें यांनीं जहाज गांठलें. बिनशर्त शरण या असा निरोप गेला. आम्हांस अडवूं नका असें उत्तर आलें. नंतर डॉर्निएर बनावटीच्या एका विमानानें पन्नास किलो वजनाचा एक बाँब टाकला. तो पुढच्या डेकवर, जेथें माणसांची गर्दी होती तेथेंच, पडला. तेवीस लोक मेले. कांहीं जागच्या जागीं, कांहीं जखमांनीं मागाहून. बहुतेक देशी होते, थोडे वलंदेज. जहाजानें लगेच शरणागतीचें निशाण दाखविलें. त्याच्या मोठ्या तोफांतून या सहा दिवसांत एकहि गोळा सुटला नाहीं.

हा बाँब नुसत्या इशाऱ्याचा होता आणि चुकून वर्मीं बसला, कीं मारण्याच्याच हेतूनें टाकला होता, याविषयीं हॉलंडांत पुढें पुष्कळ वर्षें वाद चालला. त्या काळच्या विमानांतून बाँब हातच्या अदमासानें टाकीत, हें लक्षांत घेतां नेमका नेम धरून तो मारला असें छातीठोकपणें म्हणणें कठीण. पण त्याचबरोबर, चालत्या जहाजाच्या अगदीं जवळ जिवंत बाँब टाकणाऱ्यास तो जहाजावर पडेल ही शक्यता ठाऊक नव्हती असें म्हणणेंहि तितकेंच कठीण. आमच्या मतें या वादाचें महत्त्व जेवढें मानलें गेलें तेवढें नाहीं. समोरच्यांनीं कोणाचा जीव घेतलेला नाहीं आणि आपण होऊन जहाज देऊं केलेलें आहे, हें ठाऊक असतां सरकारनें बोलणीं लावण्याऐवजीं विमान पाठविलें, ही गोष्ट वादातीत आहे, आणि निर्णय तिच्यावरून करावयाचा.

तर मग या प्रकरणास नांव काय द्यावें? लष्करी कायद्याच्या दृष्टीनें तें बंड होय यांत शंका नाहीं. हुकूम मोडून लढाऊ जहाज पळवून नेणें यास दुसरें नांव कोणताच कायदा देणार नाहीं. साम्यवादी कारस्थानाची कल्पना मात्र टिकत नाहीं. बाहेरच्या कोणा पक्षानें हा उठाव घडवून आणल्याचा भक्कम पुरावा पुढें आलेला नाहीं, आणि ३० जानेवारी, ३ फेब्रुवारी, ४ फेब्रुवारी या तारखा ओळीनें मांडल्या म्हणजे तशा पुराव्याची गरजहि उरत नाहीं. कारण आणि कार्य शेजारीं शेजारीं उभीं आहेत. राष्ट्रीय लढ्याचें पर्व म्हणावें तर खलाशांच्या मागणींत स्वराज्य नव्हतें आणि त्यांच्या बरोबरीनें गोरे खलाशीहि होते. आमच्या मतें हा मूळचा संप होता. तो समुद्रावर आणि तोफांच्या मध्यें झाला म्हणून त्यास बंडाचें रूप आलें. आणि त्याला राष्ट्रीय अर्थ जो आला तो बाँबनंतर, सरकारच्याच करणीनें आला. जे खलाशी पगारासाठीं निघाले होते त्यांस सरकारनें राज्याचे शत्रु म्हणून वागविलें, आणि मग बेटांतील लोकांनींहि त्यांस त्याच नजरेनें, पण उलट बाजूनें, पाहिलें. मूळ हेतु आणि मागाहून आलेला अर्थ हे दोन्ही इतिहासाचे विषय आहेत. मात्र एकाच्या जागीं दुसरा घालूं नये.

या घटनेचा हॉलंडमधील लोकमतावर काय परिणाम झाला याचा बारकाईनें अभ्यास ब्लोम या इतिहासकारानें १९७५ सालीं प्रसिद्ध केला. परिणाम दोन्ही टोंकांस झाला. एप्रिल १९३३ च्या निवडणुकींत कोलाइनच्या पक्षाच्या जागा बारांच्या चौदा झाल्या व तो मुख्य प्रधान झाला. समाजवाद्यांच्या चोविसांच्या बावीस झाल्या. पण साम्यवाद्यांच्या दोहोंच्या चार झाल्या, आणि त्यांच्यातर्फें रुस्तम एफेन्दी हा सुमात्राचा गृहस्थ निवडून येऊन हॉलंडच्या पार्लमेंटांत बसणारा पहिला इंडोनेशियन सभासद ठरला. तिकडे बेटांत दडपशाही वाढली. त्याच वर्षीं १ आगस्टास सुकार्नो यांस दुसऱ्यांदा पकडण्यांत आलें. १९३४ च्या फेब्रुवारींत हत्ता यांची पाळी आली. खलाशांवर लष्करी न्यायालयांत खटले होऊन दीडशेंहून अधिक लोकांस शिक्षा झाल्या. सर्वांत मोठी कावीलारंग यास, अठरा वर्षांची. बोशार्ट यास सोळा वर्षांची.

जहाजाचें काय झालें? तें दुरुस्त करून नवें करण्यांत आलें, आणि १९३६ सालीं त्याचें नांव बदलून ‘सुराबाया’ असें ठेवण्यांत आलें. सात प्रांतांचें नांव त्यास सोसवेना असें झालें होतें. पण नव्या नांवासाठीं सरकारनें नेमकें तेंच बंदर निवडावें जेथें पगाराचा तंटा प्रथम पेटला आणि जेथें जाण्यासाठीं खलाशी निघाले होते, हा योगायोग सरकारी कचेऱ्यांतच घडूं शकतो. यापुढें तें निव्वळ शिक्षणाचें जहाज राहिलें. १८ फेब्रुवारी १९४२ रोजीं सुराबाया बंदरांतच जपानी विमानांच्या बाँबनें तें बुडालें. जपान्यांनीं तें वर काढून तरता तोफखाना म्हणून वापरलें, आणि १९४३ मध्यें दोस्तांच्या विमानांनीं तें पुनः बुडविलें. अशा रीतीनें तीन निरनिराळ्या सत्तांच्या विमानांनीं या एका जहाजावर बाँब टाकले, व त्या तिन्ही वेळीं त्याच्या मोठ्या तोफा वरच्या शत्रूपुढें कुचकामाच्या होत्या.

सुराबायाचें नांव निघालें म्हणून आमच्याकडील एका धाग्याचा उल्लेख केला पाहिजे. जपानच्या शरणागतीनंतर १९४५ च्या आक्टोबरांत त्या शहरीं ब्रिटिशांची जी हिंदी ब्रिगेड उतरली तिच्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. वलंदेजांचें राज्य परत आणण्याचा रस्ता मोकळा करण्यासाठींच आपणांस आणलें आहे कीं काय, हा प्रश्न तेथील लोक विचारीत होते, आणि त्याचें उत्तर आमच्या सातारा-कोल्हापुराकडील शिपायांस देतां येण्यासारखें नव्हतें. त्या शहरांत घनघोर लढाई झाली. नंतर चार महिने गेले नाहींत तों, १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं, मुंबईस ‘तलवार’ या आरमारी तारायंत्रशाळेंतील खलाशांनीं अन्न, पगार आणि गोऱ्या-काळ्यांचा भेद यांवरून काम बंद केलें. त्यांच्या मागण्यांत हिंदी फौजा इंडोनेशियांतून परत आणाव्यात ही एक मागणी होती. मुंबईच्या खलाशांना ‘झेव्हेन प्रोव्हिन्सिएन’ची हकीकत ठाऊक होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पगार आणि पान यांवरून सुरुवात, तारायंत्राच्या खोलींतून प्रसार, आणि जहाजावरील भांडणाचें देशाच्या भांडणांत रूपांतर, हा क्रम दोन्हीकडे एकच दिसतो. फरक एवढाच कीं, तेरा वर्षांत काळ पालटला होता, आणि मुंबईच्या खलाशांनीं देशाची मागणी आरंभींच्या दिवसांतच उघड उच्चारली.

इंडोनेशियांत या जहाजास ‘कापाल तुजुह’ म्हणतात. ‘तुजुह’ म्हणजे सात. प्रांत त्या नांवांतून गळून गेले. पकडलेल्या खलाशांस बटाव्हियाच्या, म्हणजे हल्लींच्या जाकार्ताच्या, समोरील उपसागरांत ओनरुस्त नांवाच्या बेटावर कोंडलें होतें. वलंदेज भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘अस्वस्थता’ असा होतो. हें नांव बेटास फार पूर्वीं तेथील गोदीच्या अहोरात्र चालणाऱ्या कामावरून मिळालें असें सांगतात. बाँबनें मेलेल्यांस शेजारच्या एका लहानशा बेटावर पुरलें. त्या बेटास वलंदेज ‘केर्कहोफ’ म्हणजे स्मशान म्हणत. आज तें केलॉर या नांवानें ओळखलें जातें. तेथें विटांच्या एका जुन्या वाटोळ्या गढीचे अवशेष उभे आहेत आणि भोंवतालची जमीन समुद्र थोडीथोडी खात आहे.